सीआयडीआर म्हणजे नेटवर्क, लेखनपद्धत नव्हे

पोस्टग्रेसमध्ये आयपी पत्त्यासाठी दोन डेटाटाइप आहेत: इनेट आणि सीआयडीआर. दोन्ही १९९८ च्या ६.४ आवृत्तीत आले.

गैरसमज: पत्त्यापुढे /२४ लिहायचे असेल तर कॉलम सीआयडीआरच हवा.

वस्तुस्थिती: स्लॅश दोघांनाही चालतो. सीआयडीआर फक्त नेटवर्क साठवतो. मास्कच्या उजवीकडे एकही बिट १ असला की एरर. १९२.०.२.५/२४ हे इनेटमध्ये बिनबोभाट जाते, कारण त्यात मशीनचा पत्ता आणि त्याचे सबनेट असे दोन्ही मावते. सीआयडीआरला मात्र १९२.०.२.०/२४ असेच द्यावे लागते. माझ्या मते खरा घोळ नावाने केला आहे. सीआयडीआर हे १९९३ साली आलेल्या क्लासविरहित राउटिंगचे नाव. टाइपला सरळ ‘नेटवर्क’ म्हटले असते तर बरे झाले असते. गंमत म्हणजे या क्लासविरहित टाइपला नुसते १९२.१६८ दिले, तर तो जुन्या क्लासच्या हिशेबाने /१६ नव्हे, /२४ धरतो. म्हणून मास्क नेहमी स्वतः लिहावा.

गैरसमज: टेक्स्ट कॉलमनेही भागते.

वस्तुस्थिती: भागते, पण सॉर्ट करेपर्यंतच. टेक्स्टमध्ये १९२.०.२.१० हा १९२.०.२.९ च्या आधी येतो. आयपीव्ही ६ मध्ये एकच पत्ता मधली शून्ये गाळून किंवा न गाळता लिहिता येतो. टेक्स्टच्या लेखी ते दोन पत्ते, इनेटच्या लेखी एक. शिवाय इनेटला आयपीव्ही ४ साठी ७ बाइट पुरतात, ६ साठी १९. पत्ता अमुक सबनेटमध्ये येतो का, हे तपासायला तयार ऑपरेटरही आहे.

इनेटमध्येही एक खाच आहे. १९२.०.२.५ आणि १९२.०.२.५/२४ तिथे समान नाहीत. त्यामुळे युनिक कॉन्स्ट्रेंट असूनही एकच मशीन दोनदा नोंदले जाते. कॉलमवर ‘फक्त मशीनचा पत्ता, मास्क नको’ अशी कमेंट लिहावीच. पण कमेंट कोणी वाचेलच असे नाही, म्हणून आयपीव्ही ४ च्या कॉलमवर मास्कची लांबी ३२ च हवी असा चेक कॉन्स्ट्रेंटही घालावा.

दस्तऐवजात उदाहरण द्यायचे तर १९२.०.२.०/२४ याच पट्ट्यातले द्या. तो दस्तऐवजांसाठीच राखून ठेवलेला आहे. कोणाचे खरे मशीन त्यात सापडायचे नाही.