शिवरात्रीच्या पानावरील ऊन रताळे

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की मालवण-देवगडच्या बाजारांतून मातीने माखलेल्या रताळ्यांचे ढीग दिसू लागतात. कोणी कुणकेश्वरच्या यात्रेची तयारी करीत असतो, कोणी घरच्याच देव्हाऱ्यातील पिंडीवर अभिषेकाचा संकल्प योजितो. आणि याच सुमारास आम्हा कीर्तनकारांस दरवर्षी एक प्रश्न हटकून विचारला जातो : “बुवा, रताळे उपवासाला चालते हे खरे, पण ते शास्त्रात आहे काय?”

या प्रश्नाचे खरे उत्तर अनेकांस अनपेक्षित वाटेल. आज आपण ज्याला रताळे म्हणतो, तो कंद मूळचा अमेरिका खंडातील. इ. स. १४९२ मध्ये कोलंबस त्या भूमीस पोहोचला आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर मिरची, काजू, अननस इत्यादी पाहुणे आपल्या किनाऱ्यास लागले, त्यांतच हाही आला. स्मृतिकारांच्या पानात तो असणे शक्यच नव्हते.

मग त्याला हे संस्कृत वळणाचे नाव कोठून मिळाले? भावप्रकाशाच्या शाकवर्गात आलुकाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. काष्ठालुक, शंखालुक, पिंडालुक, मध्वालुक आणि त्यांतच रक्तालुक. हे सारे आपल्याकडील जुने कंद, कणगर-करांद्यांच्या कुळातले. परदेशचा तांबड्या सालीचा कंद आला तेव्हा लोकांनी त्याला याच रक्तालूचे नाव दिले आणि जुन्या नावाच्या पाटावर हा नवा पाहुणा बसला. आज मूळ रक्तालु कोणता हे सांगावयास वैद्य शोधावा लागतो. रताळे मात्र घरोघर आहे. भाषेत असे दत्तकविधान फार होते.

नावापाठोपाठ त्याला व्रतातही जागा मिळाली. ती कोणत्या आधारावर? आमच्या मते आधार भक्कम आहे. धर्मग्रंथांनी व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी गणिल्या आहेत : पाणी, मूळ, फळ, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. येथे शास्त्र पदार्थाची जात पाहते, त्याची जन्मभूमी विचारीत नाही. जमिनीखाली वाढणारा, धान्य नसलेला कंद तो मूळ. मग तो तोंडवलीच्या पुळणीत रुजलेला असो वा समुद्रापलीकडून आलेला असो.

या आठांतील शेवटच्या गोष्टीविषयी जरा थांबून बोलले पाहिजे, कारण रताळ्याच्या चर्चेत रंगणारी मंडळी तिच्याकडे पाहतही नाहीत. काही वर्षांपूर्वी एका गावी शिवरात्रीच्या कीर्तनाचा उत्तररंग चालू असता एक वृद्ध माउली घेरी येऊन कोसळल्या. मधुमेहाची गोळी त्यांनी सकाळी नियमाने घेतली होती, पण दिवसभर पोटात काहीच घातले नव्हते. साखरेचे पाणी दिल्यावर त्या सावध झाल्या आणि त्यांचे पहिले शब्द होते, “माझा उपास मोडला!” आम्ही त्यांस ती आठ नावे सांगितली. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही आणि ते औषध अंगी लागण्यापुरता आहार घेतल्यानेही मोडत नाही, असेच आमचे मत आहे. अशी औषधे चालू असलेल्यांनी कडक उपवासाचा संकल्प सोडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे. सासूबाई विचारणार नाहीत; सूनबाईंनी विचारावे.

आता पाकाकडे वळू. रताळे म्हटले की साखरेचा पाक किंवा गुळातले काप हेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. तेलात तळलेल्या चकत्याही हल्ली पानात येतात. परंतु हविष्यान्नाची जी यादी निबंधग्रंथांत येते ती पाहावी. तीत कंद आहे, दूध-दही-तूप आहे, जिरे आहे, चिंचेचा आंबटपणा आहे. मीठ सैंधव चालते तसे समुद्राचेही चालते. मात्र शिजविणे तेलात नसावे, अशी अट आहे. यादीत काही धान्येही आहेत, ती उपवासास आपण लोकाचाराने सोडली. एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी असलेल्या आमच्या गावी सामुद्र लवणास शास्त्राने दिलेली ही मान्यता वाचून आम्हास नेहमीच संतोष होतो. तेव्हा तुपाजिऱ्याची, खारट-आंबट, ऊन ऊन रताळ्याची कोशिंबीर हीच आम्हास व्रताच्या अधिक जवळची वाटते.

ती अशी करावी. चार-पाच माणसांस तोंडी लावण्यापुरती अर्धा किलो रताळी पुरतात. मध्यम जाडीची, टणक, भोक नसलेली निवडावी. माती धुऊन, साल काढून बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात व त्या लगेच पाण्यात टाकाव्यात. नाहीतर चिकाने काळवंडतात. मग मिठाच्या उकळत्या पाण्यात त्या सोडाव्यात. थंड पाण्यात घालून हळूहळू तापवू नये. रताळे सावकाश तापले की त्याच्या अंगच्याच द्रव्याने त्यातील पिठूळपणाची साखर होते. म्हणून तर निखाऱ्यात भाजलेले रताळे इतके गोड लागते. आपल्याला येथे तिखटमिठाचा पदार्थ हवा आहे. सुरी सहज शिरली की पाणी निथळून टाकावे. फोड मोडता कामा नये.

कढल्यात दोन चमचे साजूक तूप, त्यात चमचाभर जिरे. ते तडतडले की दोन ओल्या मिरच्यांचे तुकडे. हिंग, हळद, मोहरी नको. मिरचीदेखील परदेशचीच पाहुणी, हे येथे सांगून ठेवतो. ज्यांस ती सोसत नाही त्यांनी मिरे भरड कुटून घालावे, ते मात्र आपल्या मलबारचे. ही फोडणी वाफाळत्या फोडींवर ओतावी आणि लगेच कोकमाचे आगळ चमचाभर घालावे. आगळात मीठ असते, म्हणून वरून मीठ चाखूनच घ्यावे. कोकम म्हणजे निघंटूंतील वृक्षाम्ल. शेवटी अर्धी वाटी ओले खोबरे घालून हलक्या हाताने कालवावे. देशावर खोबऱ्याऐवजी दाण्याचे कूट घालतात. आमचा त्यास आक्षेप नाही, परंतु ज्याच्या दारी माड आहे त्याने दाण्याच्या मागे कशास लागावे? कोथिंबिरीचा वाद प्रत्येक घराने आपल्या रिवाजाप्रमाणे मिटवावा. त्यावरून सणाच्या दिवशी सूनबाईंस बोल लावणे मात्र बरे नव्हे.

हे सारे फोडी ऊन असतानाच करावयाचे, कारण गरम कंद आंबट आणि खारट आत शोषून घेतो. निवलेल्या कंदावर ते नुसते बाहेर राहते. शिवाय निवल्यावर तूप थिजते आणि पदार्थ घशाला चिकटतो. तूप अगदीच वगळूही नये. केशरी गराच्या रताळ्यातील जे द्रव्य डोळ्यांस हितकर म्हणून आज सांगितले जाते, ते स्निग्ध पदार्थाबरोबरच शरीरास नीट लाभते.

पानाच्या डाव्या बाजूस हे चार चमचे, मध्ये वऱ्याचे तांदूळ, वाटीत सोलकढी. यापेक्षा अधिक वाढू नये, कारण पुढे चार यामांच्या पूजा आणि रात्रभराचे जागरण आहे, आणि भरल्या पोटी पहिल्याच यामात डुलकी लागते, हे कीर्तनाच्या चौरंगाजवळ उभे राहून आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.