एमआरआयच्या पाटीवरचं ‘१.५ टेस्ला’ म्हणजे काय? जालन्याच्या क्रेनवरून समजून घ्या

जालन्याच्या स्टील कारखान्यांमध्ये भंगार वितळवून सळया बनवतात. तिथं क्रेनला टांगलेलं मोठं लोहचुंबक भंगाराचा ढीग उचलतं. ऑपरेटरनं वीज बंद केली की माल खाली पडतो.

असंच ताकदवान चुंबक दवाखान्यातही असतं. एमआरआय सेंटरच्या पाटीवरचं ‘१.५ टेस्ला’ किंवा ‘३ टेस्ला’ म्हणजे त्या मशीनमधल्या चुंबकीय क्षेत्राची ताकद.

टेस्ला म्हणजे काय?

वजन किलोत मोजतात, तसं चुंबकीय क्षेत्र टेस्लामध्ये. शास्त्रज्ञ निकोला टेस्ला यांच्या सन्मानार्थ १९६० साली या एककाला हे नाव मिळालं. टेस्ला कारचं नावही त्यांच्यावरूनच आलं आहे.

चुंबकीय क्षेत्रात एक मीटर लांब तार काटकोनात ठेवून तिच्यातून एक अँपिअर करंट सोडला आणि तारेवर साधारण १०० ग्रॅम वजनाएवढा, म्हणजे एक न्यूटन जोर आला, तर ते क्षेत्र एक टेस्लाचं. जुन्या एककात सांगायचं तर १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस.

१.५ टेस्ला किती मोठं?

होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. म्हणजे १.५ टेस्लाचं मशीन त्याच्या तीस हजार पटींहून जास्त ताकदीचं!

क्रेन बंद होते, एमआरआय नाही

बहुतेक एमआरआय मशीनमध्ये द्रवरूप हेलियमनं उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या तारा असतात. इतक्या थंडीत तारांचा विरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो. त्यामुळे स्कॅन सुरू नसताना, रात्री, लाइट गेल्यावरही चुंबक चालूच असतं. आणीबाणीत हेलियम बाहेर सोडून ते बंद करता येतं, पण ते काम फक्त तिथल्या कर्मचाऱ्यांचं.

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआय खोलीत गेला. मशीननं सिलिंडरसह त्याला ओढून घेतलं आणि त्याचा मृत्यू झाला.

आत जाण्याआधी

- मोबाइल, घड्याळ, चाव्या, नाणी, एटीएम कार्ड, साडीची सेफ्टी पिन, केसांच्या पिना बाहेर ठेवा. हा नियम सोबतच्या नातेवाइकांनाही लागू आहे.
- पेसमेकर, शरीरात बसवलेली क्लिप किंवा रॉड असेल तर आधीच सांगा.
- वेल्डिंग, ग्राइंडिंग करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर तेही सांगा. चुंबकामुळे आत राहिलेला कण हलून डोळ्याला इजा होऊ शकते.
- ‘मशीन बंद आहे, या आत’ असं कुणी म्हटलं तरी सिलिंडर, व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर आत नेऊ नका. ते एमआरआयसाठी चालतं का, हे आधी टेक्निशियनला विचारा.