ओस दिसणारा रस्ता

पॅरिसचा बुलव्हार द्यु तांप्ल हा तेव्हा नाटकघरांचा रस्ता होता, सदा गजबजलेला. १८३८ साली छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने वरच्या खिडकीतून त्याचं छायाचित्र घेतलं. त्यात झाडं आहेत, धुराडी आहेत, घरांच्या खिडक्या मोजता येतील इतक्या रेखीव आहेत. रस्ता मात्र ओस! एकही घोडागाडी नाही. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात एक माणूस एक पाय उचलून उभा आहे आणि त्याच्यापुढे कुणीतरी वाकलेलं आहे. बूट-पॉलिश चाललंय.

बाकीचं पॅरिस गेलं कुठे? ते तिथेच होतं, कॅमेऱ्यासमोर. दागेर चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरून प्रकाशाला संवेदनशील करायचा. पण चित्र उमटायला काही मिनिटं लागत आणि तेवढ्या वेळात साठलेला प्रकाशच पत्र्यावर टिके. एखादी बग्गी एका जागेवर असणार दोन-तीन सेकंद. उरलेला सगळा वेळ तिथून उजळ रस्त्याचाच प्रकाश येत राहणार. मग बग्गीची खूण राहील कशी? बूट चमकवून घ्यायला थांबला, म्हणून तो अनोळखी माणूस उमटला. छायाचित्रात आलेला, आपल्याला माहीत असलेला बहुधा पहिलाच माणूस. समोरचा पॉलिशवाला पुसटच आहे, कारण त्याचे हात कामात होते. मला हे फार चटका लावणारं वाटतं.

तारायंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या सॅम्युएल मोर्सने १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची चित्रं पाहिली. पत्रात त्याने या माणसाबद्दल बारकाईने टिपलं: बूट आणि पाय स्पष्ट आहेत, धड आणि डोकं हलत होतं, म्हणून दिसत नाही.

त्या काळच्या प्लेटा निळ्या रंगाला चटकन दाद देत आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ देतच नसत. म्हणून जुन्या चित्रांत आभाळ कोरं पांढरं. पुढे चार्ल्स मार्व्हिलने पॅरिस नगरपालिकेसाठी पाडापाडीला निघालेल्या गल्ल्यांचे फोटो काढले. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं आणि ते ओलं असतानाच फोटो काढून धुवायचाही. त्याच्या गल्ल्यांतलं सुनेपण आपण हळहळत पाहतो, पण त्यातला बराचसा वाटा लांबलेल्या एक्स्पोजरचा, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू देण्याच्या वेळेचा आहे.

गर्दी पकडली ती लहान कॅमेऱ्यांनी. दोन डोळ्यांनी पाहायच्या स्टिरिओ चित्रांना छोटी प्लेट आणि आखूड लेन्स पुरे. छोट्या चित्रावर प्रकाश एकवटतो, एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर येतं. त्यात उंचावरून, लांबून फोटो घेतला की चालणारा माणूस प्लेटवर जेमतेम सरकतो. १८५९ च्या सुमारास एडवर्ड अँथनीने न्यूयॉर्कचा ब्रॉडवे आणि जॉर्ज वॉशिंग्टन विल्सनने एडिंबराचा प्रिन्सेस स्ट्रीट असाच टिपला. गाड्या, छत्र्या, अर्ध्या पावलावर थबकलेली माणसं, सगळं जागच्या जागी. पाऊल टाकताना माणूस इतका विचित्र दिसतो हे तोवर डोळ्यांना कधी कळलंच नव्हतं.

अमेरिकी यादवी युद्धात हजारो सैनिकांचे पाय गेले. तेव्हा ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने रस्त्यावरची हीच चित्रं समोर ठेवून टाच कशी टेकते, तळवा किती उचलतो हे तपासलं आणि १८६३ मध्ये कृत्रिम पायांवरच्या लेखात माणसाची चाल उलगडून दाखवली.