संगणकाच्या कॅबिनेटचा रंग : शोभा आणि उष्णता

संगणकाचे कॅबिनेट कोणत्या रंगाचे घ्यावे, असा प्रश्न निघाला की दोन परस्परविरोधी सल्ले हमखास ऐकावयास मिळतात. एक पक्ष म्हणतो की, काळा रंग उष्णता शोषून घेतो. यास्तव चंद्रपूर जिल्ह्यासारख्या प्रखर उन्हाळ्याच्या प्रदेशात पांढरे कॅबिनेटच घ्यावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जो उत्तम शोषक तोच उत्तम उत्सर्जक. आतील उष्णता बाहेर टाकणे हे कॅबिनेटचे एक काम असल्यामुळे काळा रंगच श्रेयस्कर. दोन्ही पक्ष शालेय भौतिकीच्या एकाच प्रकरणाचा आधार घेतात, आणि गंमत अशी की, दोघांनीही ते प्रकरण चांगले पाठ केलेले असते. मग निष्कर्ष उलटसुलट का निघावेत? पाठांतरात एक लहानसा शब्दसमूह गळून पडतो, हे त्याचे कारण होय. तो कोणता, आणि सिंदेवाहीसारख्या ठिकाणी व्यवहारात त्याचा अर्थ काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभी नावाविषयी थोडेसे. प्रोसेसर, हार्ड डिस्क, विद्युत्पुरवठ्याचा एसएमपीएस इत्यादी भाग ज्या पेटीत बसविलेले असतात तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. कार्यालयांतून मात्र त्या अख्ख्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः सीपीयू म्हणजे आतील प्रोसेसर. पेटी आणि तिच्यातील हा लहानसा भाग यांचे एकच नाव पडल्यामुळे पेटीला लावलेला रंग जणू प्रोसेसरलाच लागला, अशी काहीशी भावना होत असावी.

आता मूळ मुद्दा. उत्सर्जन आणि शोषण यांच्या समतेचा नियम किरखॉफ यांनी १८५९-६० च्या सुमारास मांडला. हा नियम कोणताही पदार्थ सर्वच प्रारणांचे सारख्या प्रमाणात शोषण करतो असे सांगत नाही. ठरावीक तापमानास, एखाद्या तरंगलांबीच्या प्रारणाविषयी पदार्थाची जी शोषकता, तीच त्याच तरंगलांबीविषयी त्याची उत्सर्जकता असते, एवढेच तो सांगतो. 'त्याच तरंगलांबीविषयी' हे शब्द म्हणजेच वर उल्लेखिलेला गळालेला शब्दसमूह. ते परत जागेवर ठेवले की वादाचे स्वरूपच पालटते.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन तापमानाचा असल्यामुळे त्याच्या ऊर्जेचा फार मोठा भाग ०.३ ते ३ मायक्रोमीटर या पट्ट्यात येतो. आपला डोळा ज्या प्रकाशाने रंग ओळखतो तो ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरच्या आसपासचा. ४५ अंश सेल्सिअस तापलेले कॅबिनेट मात्र वीनच्या नियमानुसार सुमारे ९ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रारण फेकते. म्हणजे काळा आणि पांढरा हा भेद जेथे अस्तित्वात आहे, त्या पट्ट्यात कॅबिनेट काहीच बाहेर टाकत नाही; आणि जेथे ते टाकते, तेथे डोळा पूर्णतः आंधळा आहे. या दूरच्या अवरक्त पट्ट्यात काळा तैलरंग, पांढरा तैलरंग, चुना, कागद, लाकूड, मनुष्याची त्वचा या सर्वांची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास असते. शुभ्रतेचे प्रमाण म्हणून ज्याकडे आपण पाहतो ते हिमदेखील येथे जवळजवळ काळेच ठरते.

हे ज्ञान नवे नव्हे. जॉन लेस्ली यांनी १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाचे प्रयोग वर्णिले आहेत. घनाच्या एका बाजूस काजळी, दुसरीस कागद, तर एक बाजू घासून लखलखीत ठेवलेली. काजळीच्या बाजूचे उत्सर्जन १०० मानल्यास लिहिण्याच्या पांढऱ्या कागदाचे ९८ भरले, आणि उघड्या कथिलाच्या पत्र्याचे अवघे १२. काळा विरुद्ध पांढरा हा फरक २ चा, तर आच्छादित विरुद्ध उघडा धातू हा फरक ८८ चा! पुढे मेलोनी यांनी उष्णतेलाही स्वतःचे 'रंग' असतात, असे प्रतिपादिले, ते याच अर्थाने. आपल्या घरांतही हा प्रयोग नकळत होत आला आहे: घासूनपुसून चकचकीत केलेल्या पितळी तांब्यातील ऊन पाणी काजळी धरलेल्या तांब्यातील पाण्यापेक्षा अधिक काळ ऊन राहते.

आता कॅबिनेटकडे वळू. सुमारे ४५ सेंटिमीटर उंच, तितकेच खोल आणि २० सेंटिमीटर रुंद अशा नेहमीच्या कॅबिनेटचे, तळ वगळता, क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटरच्या जवळपास येते. खोलीचे तापमान ४० अंश व कॅबिनेटच्या भिंतींचे ४५ अंश धरले, तर स्टेफान-बोल्ट्समान नियमावरून ०.९ उत्सर्जकतेचे रंगविलेले कॅबिनेट सुमारे २२ वॅट उष्णता प्रारणाने बाहेर टाकील. काळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या उत्सर्जकतेत ०.०५ चा फरक मानला, आणि तोही उदारपणेच, तरी या २२ वॅटांत सव्वा वॅटाहून अधिक फेरफार होत नाही. याउलट उत्सर्जकता ०.१ असलेले न रंगविलेले, चकचकीत ॲल्युमिनियमचे कॅबिनेट जेमतेम अडीच वॅट बाहेर टाकते. तेव्हा रंग लावलेला आहे किंवा नाही, हा प्रश्न निरर्थक नाही. तो कोणता, हा मात्र निरर्थक आहे. रंगहीन ॲनोडीकरण केलेले ॲल्युमिनियम दिसावयास धातूसारखेच राहते, पण दूरच्या अवरक्त पट्ट्यात ते रंगविलेल्या पत्र्याच्या पंक्तीत बसते, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे. उष्णताशोषक पट्ट्या काळ्या केलेल्या दिसतात, त्यांतही काळेपणाचे श्रेय फारसे नाही. जे काही आहे ते ॲनोडीकरणाच्या थराचे.

पण कॅबिनेटची खरी मदार प्रारणावर नसतेच, ती पंख्यावर असते. साधा १२ सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटास सुमारे ०.८५ घनमीटर हवा ढकलतो असे धरले, तर तापमानातील प्रत्येक अंश वाढीमागे तो १६ वॅट उष्णता वाहून नेतो. कार्यालयातील सामान्य संगणक ८० ते १०० वॅट उष्णता निर्माण करतो. ती सर्व हवेनेच नेली, तरी हवा पाच-सहा अंशांनी तापून बाहेर पडेल, इतकेच. या हिशेबात रंगाचा सव्वा वॅट म्हणजे पंख्याच्या जाळीवर साचलेल्या धुळीने होणाऱ्या नुकसानीपुढे नगण्य होय. हल्ली कॅबिनेटच्या दर्शनी बाजूस जाळीऐवजी अखंड काच बसविण्याची आवड वाढली आहे. त्या काचेचा दोष तिच्या रंगात नाही, तिच्यामुळे हवेचा मार्ग अडतो, यात आहे.

मग पहिल्या पक्षाचे म्हणणे सर्वथैव चूक काय? तसे म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष ऊन कॅबिनेटवर पडत असेल, तर डोळ्याला दिसणारा रंग एकदम महत्त्वाचा ठरतो. कारण तेव्हा येणारे प्रारण सूर्याचे, म्हणजे दृश्य व निकट अवरक्त पट्ट्यातले असते. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारनंतरचे ऊन काचेतून येऊन कॅबिनेटच्या ०.२ चौरस मीटरच्या बाजूवर दर चौरस मीटरला ४०० वॅट या तीव्रतेने पडले, तर काळा पत्रा त्यातील सुमारे ७६ वॅट शोषून घेईल, पांढरा २० वॅट. म्हणजे काळ्या कॅबिनेटवर जवळजवळ आणखी एका संगणकाइतका भार पडला. येथे पांढरा रंग निःसंशय हितावह. तथापि खिडकीला पडदा लावणे किंवा मेज दोन हात सरकविणे हा उपाय त्याहून स्वस्त आणि पूर्ण आहे, हे सांगितलेच पाहिजे.

सिंदेवाहीचा विचार या ठिकाणी विशेष उद्बोधक ठरतो. हे गाव सुमारे २०.३ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २० ते २३ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो, आणि तोही पावसाळी ढग येण्यापूर्वी. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे दर उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत झळकतात. पारा ४५ अंशांच्या वर जाणे या पट्ट्यात नवलाचे नाही. बहुतेक मेजावरील संगणकांचे उत्पादक मात्र भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगतात. येथील विभागीय कृषी संशोधन केंद्र भातावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असून तेथून पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्लाही दिला जातो. खरिपाच्या तोंडावर हा सल्ला, महाविद्यालयीन प्रवेशांचे अर्ज आणि दाखल्यांची कामे एकदम येतात. संगणक बंद पडावयास सर्वांत गैरसोयीचा काळ आणि तो बंद पडण्याचा सर्वाधिक संभव असलेला काळ येथे एकच आहे. प्रोसेसरचे तापमान हे खोलीचे तापमान अधिक आतील वाढ असे असते. खोली तीन अंशांनी निवळली, तर प्रोसेसरही जवळजवळ तितकाच निवळतो; कॅबिनेटच्या रंगाने तीन अंश कधीच मिळणार नाहीत.

खोली निववावयाची, तर रंगाचे खरे क्षेत्र छप्पर हे होय. जुन्या, मळकट टिनपत्र्याची शोषकता ०.७ आणि चुना दिलेल्याची ०.२५ धरल्यास, ९५० वॅट प्रति चौरस मीटर इतक्या उन्हात तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीच्या छपरावर शोषल्या जाणाऱ्या उष्णतेत सुमारे ५ हजार वॅटांचा फरक पडतो. यातील बराच भाग वरच्या वर वाऱ्याने जातो, हे खरे. तरीही सव्वा वॅटाशी त्याची तुलना संभवत नाही. शिवाय चुना सूर्याला पांढरा आणि अवरक्त पट्ट्यात 'काळा', असा दुहेरी गुणाचा आहे: घेतो कमी आणि टाकतो जास्त. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो खरा, पण जे घेतो ते सहजी सोडत नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले, त्यामागील भौतिकी हीच.

पेटी आणि रंग यांचा योग्य संबंध पाहावयाचा असेल, तर वेधशाळेच्या आवारातील तापमापकांची लाकडी पेटी पाहावी. दीपगृहांचे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात तिची रचना केली. ती उघड्यावर उन्हात उभी असते म्हणून पांढरी. आणि आतली हवा कोंडू नये म्हणून तिच्या चारही बाजूंस दुहेरी झडपा. संगणकाचे कॅबिनेट छपराखाली असल्याने त्याला यांपैकी झडपांचाच तेवढा धडा घ्यावयाचा आहे.

विदर्भात उन्हाळा आणि कूलर यांचे साहचर्य सुपरिचित आहे. कोरड्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांनीदेखील थंड असू शकते, आणि संगणकास तिचा लाभ अवश्य द्यावा. मात्र कॅबिनेट थेट झोतात ठेवू नये. उडणाऱ्या तुषारांतील क्षार आतील मंडलांवर बसतात आणि धूळ ओली होऊन चिकटते. कॅबिनेटची बाजू काढून ठेवून समोर टेबलपंखा लावण्याची जी प्रथा पुष्कळ ठिकाणी दिसते, तिने तापमान तात्पुरते उतरेलही. परंतु धुळीबरोबर पाली आणि मुंग्या यांनाही ते आमंत्रणच होय.

राहता राहिली शोभा. उष्णतेच्या दृष्टीने रंग मोकळा आहे असे एकदा ठरले, की शोभेचा विचार निःसंकोचपणे करता येतो. १९७७ चा ॲपल-दोन आणि १९८१ चा आयबीएमचा वैयक्तिक संगणक यांच्यापासून जो फिकट मातकट रंग रूढ झाला, तो कार्यालयीन भिंती व कागद यांत मिसळून जाण्यासारखा होता. १९९८ च्या निळसर पारदर्शक आयमॅकने ती परंपरा मोडली आणि पुढे काळ्याचे राज्य आले. पांढऱ्या प्लॅस्टिकला प्रकाशाने व उष्णतेने कालांतराने पिवळेपणा येतो, हा त्याचा मोठा दोष. काळ्याचा दोष सिंदेवाही-मूल भागात निराळ्या तऱ्हेने उघड होतो. हा भाताचा आणि भातगिरण्यांचा प्रदेश. तुसाची व कोंड्याची फिकट पिवळसर धूळ काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर दुपारपर्यंत ठसठशीत दिसू लागते. राखाडी किंवा मातकट रंगावर ती लपते. लपणे चांगले की दिसणे चांगले, हा अभिरुचीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकास दिसणेच बरे वाटते, कारण बाहेर दिसणारी धूळ आत साचलेल्या धुळीची वर्दी देते. तूस सिलिकाने समृद्ध असल्याने ही धूळ खरखरीत असते, आणि पंख्याच्या आसाला ती मानवत नाही. गिरणीच्या शेजारी उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा जाळी मऊ कुंचल्याने झाडणे अवश्य.

पिवळे पडलेले जुने कॅबिनेट घरीच रंगवावयाचे झाल्यास पत्रा सुटा करून रंगवावा, म्हणजे जाळीची भोके बुजत नाहीत. तैलरंग कोणत्याही छटेचा चालेल. चकाकीपेक्षा निस्तेज पोत बोटांचे ठसे कमी दाखवतो. अपवाद एकच. ॲल्युमिनियमची भुकटी घातलेल्या चंदेरी रंगाची उत्सर्जकता ०.३ ते ०.५ इतकीच असल्याने वरील हिशेबातील २२ वॅटांपैकी दहा ते पंधरा वॅट त्यात गमवावे लागतात.