घडीचा चाकू: उघडायला सहज, उघडल्यावर पक्का

पाऊस सुरू झाला, की आमच्या गटाच्या रोपवाटिकेत आंब्याच्या कोय कलमांची घाई असते. सकाळपासून शेडखाली बसायचं, हातात काडी, मांडीवर पिशव्या आणि दिवसभर एकच हत्यार, घडीचा कलम चाकू.

गेल्या हंगामात एका ताईंचा चाकू काही केल्या उघडेना. त्यांनी नखाने जोर लावला, तर नखच उलटलं. दोनच दिवसांनी एका वहिनींचं उलटं झालं. त्यांचा चाकू फारच सैल. काडीत अडकलेलं पातं हलवून सोडवायला गेल्या आणि ते खाडकन बोटांवर मिटलं. तीन टाके पडले, आठ दिवस काम बंद. त्या संध्याकाळी आम्ही गटातले सगळे चाकू परातीत मांडले आणि एकेक उघडून पाहिला. एकाच आकाराचे चाकू, पण उघडण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. असं का, ते आज सांगतो.

आधी चाकूच्या पोटात काय असतं ते बघू. पातं एका खिळ्यावर फिरतं. मुठीच्या पाठीला आतून पोलादाची पट्टी असते, तीच स्प्रिंग. पातं उघडताना खिळ्याजवळचा त्याचा जाड भाग या पट्टीला वर ढकलतो, म्हणून आधी जोर लागतो. पातं पूर्ण उघडलं की पट्टी जागेवर बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. हा ‘टक्’ कानाने ओळखायला शिका. आवाज आला नाही तर पातं नीट बसलेलं नाही, असं समजा.

आता प्रकार बघू. पहिला, नुसत्या स्प्रिंगचा. पात्यावर नख अडकवायला छोटी खाच असते. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा चाकू तुम्ही कुणाच्या तरी खिशात पाहिला असेल, तो याच जातीचा. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने 1891 साली तिथल्या सैन्याला असे चाकू द्यायला सुरुवात केली. आमचे कलम चाकूही बहुतेक याच प्रकारचे. हा चाकू एकसारखा, गुळगुळीत उघडतो, पण त्याला कुलूप नसतं. धारेवर दाब असेपर्यंत पातं उघडंच राहतं. पाठीवर दाब आला, की मिटतं. वहिनींचं नेमकं हेच झालं होतं.

दुसरा, खटक्याचा. उघडल्यावर खटका बसतो आणि तो दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. अडकलेलं पातं ओढायचं असेल, तर हा बरा. मात्र मिटताना बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका.

तिसरा, लाकडी मुठीचा आणि कड्याचा. फ्रान्सच्या साव्वा या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये असा चाकू बनवला. त्यात स्प्रिंग नाही. पातं लाकडाच्या फटीत घट्ट धरलेलं असतं. उघड्या पात्याला अडवणारं फिरतं कडं 1955 मध्ये आलं. लाकूड ओलाव्याने फुगतं, मग पातं आत गच्च बसतं. तिथले लोक मुठीचं टोक टेबलावर ठोकतात, म्हणजे पातं थोडं बाहेर डोकावतं आणि चिमटीत धरता येतं. आपल्या पावसाळ्यात लाकडी मूठ फुगणारच. असा चाकू सावलीत वाळू द्या. चुलीपाशी ठेवलात तर मूठ तडकेल.

चौथा, बटण दाबताच झटकन उघडणारा, सिनेमातल्या रामपुरीसारखा. उघडायला सगळ्यांत सोपा, पण आपल्या कामाचा नाही. कमरेच्या पिशवीत चुकून बटण दाबलं गेलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

म्हणजे सहज उघडणं हा अर्धाच गुण झाला. उघडलेलं पातं जागेवर राहणं, हा उरलेला अर्धा.

परातीतले चाकू तपासताना आणखी एक गोष्ट कळली. अडणाऱ्या चाकूंपैकी बहुतेक चांगलेच होते. खिळ्याभोवती आंब्याचा चीक वाळून काळा झाला होता, वर माती आणि गंज. चाकू नवा घ्यायची गरज नव्हती, धुवायची होती.

आम्ही असं करतो. पातं उघडून खिळ्याजवळची जागा रॉकेलच्या चिंधीने पुसायची, चुलीपासून लांब बसूनच. चीक सुटला की जुन्या दातघासणीच्या ब्रशने साबणपाणी लावायचं आणि फडक्याने पूर्ण कोरडं करायचं. मग खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. पातं आठ-दहा वेळा हळू उघडायचं, मिटायचं. खोबरेल वापरू नका, ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. शेवटी पातं पुसून त्यावर स्पिरिट फिरवायचं, कारण तेलकट पात्याने कलमाचा काप घेऊ नये.

नवा चाकू घेताना दुकानातच पाच वेळा उघडून बघा. नख न दुखता उघडतो का? ‘टक्’ येतो का? उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलवलं तर डुगडुगतं का? डुगडुगणारा घेऊ नका. मग पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाबा, पण बोटं पात्याच्या वाटेत नकोत. लगेच मिटला तर तोही परत ठेवा. ही परीक्षा जिच्या हातात चाकू राहणार आहे तिनेच करावी. गटाची खरेदी एकटीने जाऊन करू नका. प्रत्येकीच्या बोटाची ताकद वेगळी असते.

आणि उघडत नसेल तर दाताने ओढू नका, ओल्या हाताने झटापट करू नका. हात पुसा, धार स्वतःपासून लांब धरा. एवढं करूनही कापलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. हळद भरून घरी बसू नका.

आता दर शनिवारी, हिशेबाची वही उघडण्याआधी, आमच्या गटात चाकूंची परात फिरते. वहिनी पुन्हा कलमं बांधायला बसतात. परातीतला प्रत्येक चाकू आधी त्याच उघडून बघतात, ‘टक्’ ऐकतात आणि मगच पुढच्या हातात देतात. तुमच्या गटातही एकदा परात मांडून बघा.