चार मिनिटांचं गाणं, सोळा मिनिटांची वाट

आज फोनवर बोट टेकवलं की गाणं सुरू होतं, त्यामुळे मधे काय घडतं याचा विचार करायची वेळच येत नाही. २००० सालच्या आसपास ज्यांनी इंटरनेटवरून गाणी उतरवली, त्यांना मात्र प्रत्येक टप्प्याशी झगडावं लागायचं. गाणं पुरेसं लहान हवं, टेलिफोनची लाइन टिकायला हवी, हवं ते गाणं कुणाकडे आहे हे कळायला हवं आणि लाइन कट झाली तर उरलेला तुकडा जोडता यायला हवा. या चार अडचणी कशा सुटल्या, ते क्रमाने पाहू.

आधी हिशेब

सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं आणि हे डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंसाठी करायचं. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट धरला, तर चार मिनिटांचं गाणं सुमारे ४२ मेगाबाइटचं झालं.

आता दुसरी बाजू. घरच्या मोडेमवर ‘५६ के’ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट. आठने भागलं की सात किलोबाइट होतात, पण तेवढे कधीच पदरात पडत नसत. चार मिळाले तरी लाइन चांगली म्हणायची. या गतीने सीडीवरचं एक गाणं यायला जवळजवळ तीन तास लागले असते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं आणि १९९८च्या शेवटी खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. पण इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि टेलिफोनच्या कॉलचे वेगळे, असा दुहेरी मीटर चालू असे. एका गाण्यासाठी तीन तास फोन अडवणं कुणालाच परवडलं नसतं. लाइन जलद करणं तर ग्राहकाच्या हातात नव्हतं. उरला एकच मार्ग: गाणंच लहान करायचं.

कानाला न कळणारं गाळायचं

हे काम एमपीथ्रीने केलं. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकापासून यावर काम करत होते. ‘डॉट एमपीथ्री’ हे फाइलच्या नावाचं शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरलं.

त्यामागची कल्पना अशी की कानापर्यंत पोचणारा सगळाच आवाज मेंदूला जाणवत नाही. ढोलाची थाप पडते तेव्हा तिच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज झाकला जातो. थाप संपल्यावरही क्षणभर, म्हणजे शंभरेक मिलिसेकंद, कान पुरता सावरलेला नसतो. जे ऐकूच येणार नाही, ते तंतोतंत जपायचं कशाला?

एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर गाण्याचे छोटे छोटे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यात १,१५२ मोजमापं असतात. वेळेत मोजलं तर सुमारे २६ मिलिसेकंद. या तुकड्यातल्या आवाजाची खर्जापासून तारापर्यंतच्या पट्ट्यांमध्ये वाटणी होते. कोणत्या पट्टीतला आवाज शेजारच्या मोठ्या आवाजाखाली झाकला जातोय, याचा अंदाज घेतला जातो. झाकलेल्या पट्टीचे आकडे ढोबळ लिहिले की कमी बिट लागतात. ढोबळपणामुळे थोडी खरखर येते, पण ती मोठ्या आवाजाआड लपून जाते. शेवटी वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोट्या खुणा देऊन फाइल आणखी आवळली जाते. या शेवटच्या पायरीत काहीही गमावलं जात नाही.

सेकंदाला १२८ किलोबिट हा त्या काळचा रूढ दर. या दराने चार मिनिटांचं गाणं ३.८ मेगाबाइटचं होतं, म्हणजे सीडीवरच्या मूळ गाण्याचा सुमारे अकरावा भाग. तीन तासांची वाट सोळा मिनिटांवर आली ती अशी. लाइन होती तेवढीच राहिली.

सगळेच आवाज सारखे लपत नाहीत, हे ब्रांडेनबुर्ग यांना लवकर कळलं. सुझॅन व्हेगा या अमेरिकी गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायलेलं गाणं त्यांनी चाचणीसाठी घेतलं, तर तो आवाज अगदीच वाईट निघाला. उघड्या आवाजाला आडोसा देणारं वाद्यच सोबत नव्हतं. ते गाणं नीट वाजेपर्यंत त्यांनी गणितात दुरुस्त्या केल्या. आपल्या गाण्यांत ही परीक्षा टाळ घेतात. टाळाचा ठोका एकदम येतो, आणि तुकडाभर पसरलेली खरखर ठोक्याच्या आधीच ऐकू येऊ शकते. जुनी, कमी दराची एखादी भजनाची फाइल हेडफोन लावून ऐका: टाळ खणखणण्याऐवजी फसफसतो, तो यामुळे.

मोडेम का किंचाळायचा

टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमधला आवाजच ती पुढे नेत असे. म्हणून मोडेमला आकड्यांचे सूर करून पाठवावे लागत, आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा आकडे करी. जोडणी होताना ऐकू येणारी ती किंचाळी म्हणजे दोन मोडेमची बोलाचाली होती: लाइनवर खरखर किती, प्रतिध्वनी किती, कोणत्या गतीवर दोघांचं जमेल. लाइन खराब निघाली तर गती खाली यायची.

फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. जोडणी चालू असेपर्यंत बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज टोन मिळायचा. दुसऱ्या खोलीतलं एक्स्टेन्शन कुणी उचललं की सुरांमध्ये माणसाचा आवाज मिसळायचा आणि जोडणी तुटायची.

गाणं कुणाकडे आहे?

गाणं लहान झालं, लाइनही जोडली. पण गाणं शोधायचं कुठे? सुरुवातीला लोक आपापल्या वेबसाइटवर फाइली ठेवत आणि त्यातल्या बऱ्याचशा लिंक मेलेल्या असत. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंगने जून १९९९मध्ये नॅप्स्टर आणलं आणि हा प्रश्न सोडवला. नॅप्स्टरच्या सर्व्हरवर गाणं एकही नव्हतं. त्याचं काम वधूवर सूचक मंडळासारखं होतं: नाव-पत्ता द्यायचा आणि बाजूला व्हायचं. तुम्ही जोडले गेलात की तुमच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं सर्व्हरकडे जात. कुणी शोध घेतला की सर्व्हर जुळणारी नावं, फाइलीचा आकार, तिचा दर आणि समोरच्याच्या लाइनची गती दाखवी. पुढचा व्यवहार थेट दोन संगणकांमध्ये होई. विद्यापीठाच्या जलद लाइनवरचा कुणी सापडला तर उत्तम. समोरचाही मोडेमवरचा निघाला तर त्याची पाठवण्याची गती आणखी कमी असे.

शोध चाले तो फाइलीच्या नावावर, आणि नाव रोमन लिपीत. तिथे मराठी गाण्यांची पंचाईत व्हायची. ‘भीमसेन’ लिहिताना कुणी एक आय वापरी, कुणी दोन ई. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द तर डीपासून, जीपासून की जेपासून सुरू करायचा इथूनच मतभेद. त्यामुळे एकच गाणं तीन-चार प्रकारे शोधून पाहावं लागे. तेही कुणीतरी स्वतःची सीडी रिप करून ठेवली असेल तरच सापडे.

फाइलीच्या पोटातली माहितीही इंग्रजी गाण्यांच्या मापाने बेतलेली होती. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटची एक पट्टी असे: गाण्याचं नाव ३० अक्षरांत, गायकाचं ३०, अल्बमचं ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकारासाठी एक आकडा. प्रकारांच्या मूळ यादीत ८० नावं होती. भावगीत, नाट्यगीत, अभंग, लावणी त्यात नव्हतेच. यादीत शून्य क्रमांकाला ‘ब्लूज’ होतं. त्या जागी शून्य भरलं गेलं असेल तर अभंगसुद्धा विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लूज म्हणून दिसे. आणि ही पट्टी शेवटी असल्यामुळे अर्धवट उतरलेल्या गाण्याला तिच्यातलं नावगाव मिळतच नसे.

तुटलं तर जोडायचं कसं

एमपीथ्रीचा प्रत्येक तुकडा आपली ओळख सोबत घेऊन येतो. म्हणून अर्धी फाइलही अर्ध्यापर्यंत वाजते. उरलेला भाग आणण्यासाठी गेटराइट, फ्लॅशगेट अशी सॉफ्टवेअर होती. ‘अमुक बाइटपासून पुढचं दे’ असं ती वेबसाइटच्या सर्व्हरला सांगत, आणि सर्व्हर तेवढंच देत असे. लाइन कितीही वेळा कट झाली तरी आलेला भाग वाया जात नसे. नॅप्स्टरवर मात्र समोरचा माणूस फोन ठेवून निघून गेला की पंचाईत. तेच गाणं दुसऱ्याकडे असलं तरी त्याची फाइल बाइटला बाइट सारखी असेलच असं नाही, आणि दोन अर्धी जोडली तर मधे खट्ट आवाज यायचा.

इतक्या कष्टाने जमवलेलं मग सीडीवर बर्न केलं जाई. ६५० मेगाबाइटच्या एका सीडीत दीडशेवर गाणी बसत, आणि आपल्याकडे पदपथांवर एमपीथ्री सीडींचा धंदा उभा राहिला तो याच गणितावर.

यादीच आधार, यादीच घाव

हे सगळं कलाकाराला एक पैसा न देता चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. डिसेंबर १९९९मध्ये अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नॅप्स्टरला कोर्टात खेचलं. सर्व यादी एकाच ठिकाणी असल्यामुळे सर्व्हर बंद पडला की सगळंच बंद, आणि जुलै २००१मध्ये तसंच झालं. इतर काही व्यवस्थांनी हा धोका टाळला. नुटेलासारख्या व्यवस्थेत मधली यादीच काढून टाकली. शोध एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पुढे सरकवला जाई. बंद करायला एक दरवाजाच उरला नाही. शेवटी एप्रिल २००३मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. लोक पैसे द्यायला तयार होते. सोय कुणी केली नव्हती, एवढंच. भारतात मात्र हे दुकान उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला.

घरात त्या काळच्या सीडी पडून असतील तर दोन कामं करा. बर्न केलेल्या सीडीचा रंगथर वर्षांगणिक खराब होतो, म्हणून त्या आताच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. आणि १२८ च्या फाइलीचं ३२० मध्ये रूपांतर करून आवाज सुधारेल, या भरवशावर राहू नका. त्याने फक्त फाइल फुगते. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही. मूळ सीडी किंवा चांगली अधिकृत प्रत मिळत असेल तर तीच घ्या.