सिटिझन्स बँड रेडिओ

सिटिझन्स बँड रेडिओ किंवा सीबी रेडिओ ही सामान्य नागरिकांना थोड्या अंतरावर परस्परांशी बोलता यावे यासाठी असलेली, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची बिनतारी संदेशवहनाची सोय आहे. अमेरिकेत १९५८ मध्ये या पट्ट्यात २३ वाहिन्या खुल्या झाल्या. १९७७ मध्ये त्या ४० झाल्या. मालमोटारचालकांमुळे ती तेथे लोकप्रिय झाली. भारतात तिचा प्रसार बेताचाच राहिला.

परवाना

बिनतारी उपकरण नुसते बाळगण्यासही परवाना हवा, असे बंधन भारतात १९३३ च्या अधिनियमाने घातले. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅट शक्तीच्या मर्यादेत परवान्यातून मुक्त आहे. ही सवलत आहे, हक्क नव्हे. वापरणाऱ्याने इतर सेवांत व्यत्यय आणू नये आणि स्वतःला होणारा व्यत्यय मात्र सोसावा, अशी तिची अट आहे. औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणेही याच पट्ट्यात चालत असल्याने ती समजण्यासारखी आहे. संचाला दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची प्रकार-मान्यता लागते.

संचाची निवड

परदेशी संच घेताना एक बाब सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकी पद्धतीच्या ४० वाहिन्यांपैकी पहिल्या २७ वाहिन्याच भारतीय मर्यादेत बसतात. सत्ताविसावी वाहिनी २७.२७५ मेगाहर्ट्झवर आहे, तर अठ्ठाविसावी २७.२८५ वर, म्हणजे सीमेच्या बाहेर. बाजारात स्वस्तात मिळणारे अनेक वॉकी-टॉकी तर या पट्ट्यातले नसतातच. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झपुरते मर्यादित, मान्यताप्राप्त संच परवान्याविना वापरता येतात. इतर वारंवारितांवरही बोलू शकणाऱ्या संचांना ती मुभा नाही. ऑनलाइन विक्रीत ही माहिती दडवली जाऊ नये म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली.

शक्ती ठरलेली असल्याने पल्ला मुख्यतः अँटेनावर अवलंबून असतो. तरंगलांबी सुमारे ११ मीटर असल्याने पाव तरंगलांबीचा अँटेनाही पावणेतीन मीटरचा होतो. हातातल्या संचाचा आखूड अँटेना त्यामानाने फार दुबळा ठरतो. धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगररांगांत मध्ये डोंगर आला की पल्ला आणखी घटतो.

आपत्तीकाळ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूरबरोबर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसराचीही मोठी हानी झाली. त्या वेळी हौशी रेडिओचालकांनी, म्हणजेच हॅमनी, मदतकार्यात संदेशवहनाचा भार उचलला. सीबी संचाने शेजारच्या गावाशी बोलता आले असते. हॅमचालक उच्च वारंवारितेच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित करून शेकडो किलोमीटरवर संदेश पोहोचवू शकतात. त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. किमान वय १२ वर्षे आहे.